सव्वा लाखात न मावणारी माणसं

मंगळवार, ४ मार्च

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात कटिंग टेबलावर होते. गणवेशाच्या कापडाचे थरावर थर अंथरलेले, वर खडूच्या खुणा, हातात कापायचं मशीन. अशा वेळी मी सख्ख्या बहिणीचाही फोन घेत नाही. हा घेतला. सहा वर्षं खपून लिहिलेली कादंबरी त्यांच्याकडे होती ना.

आवडली म्हणाल्या. मग "पण" आला. पण येणार हे मला माहीतच होतं.

"शब्द किती झालेत, माहितीये ना तुम्हाला?"

"तीन लाख दहा हजार."

"अहो, पहिली कादंबरी आहे तुमची. वाचकाला तुमचं नाव माहीत नाही, तुमचं राज्य माहीत नाही, तुमचे डोंगर नि नद्या माहीत नाहीत. त्याने एवढा ठोकळा का उचलावा? सव्वा लाख. त्याच्या वर मी छापू शकत नाही."

"मोठमोठे लोक लिहितात की हजार हजार पानं."

"पाचव्या पुस्तकाला लिहितात. तुम्ही पाचवं आणा, मी हजार पानं छापते." वर म्हणाल्या, पहिली पन्नास पानं नुसता डोंगरच आहे, नमनालाच घडाभर तेल. एप्रिलच्या मध्यापर्यंत छोटी करून द्या, नाहीतर यंदा राहिलंच म्हणून समजा.

मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि बाईंना मनातल्या मनात जे काही म्हटलं ते इथे लिहीत नाही. अर्ध्याहून जास्त कापायचं. कापणं हा माझा धंदाच आहे म्हणा, पण आजवर कापड दुसऱ्याचं होतं.

घरी आले तर सासूबाईंनी रोजचंच विचारलं, "आला का गं तो?" आमचे हे जाऊन नऊ वर्षं झाली. सासूबाईंची आठवण विरत चालल्यावर आम्ही सुरुवातीला खरं सांगायचो, आणि त्या प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं रडायच्या. रोज मुलगा जायचा त्यांचा. शेवटी लेकीनेच सांगितलं, "आई, बास कर." तेव्हापासून मी सांगते, कामावर गेलेत, उशीर होईल.


गुरुवार, ६ मार्च

दोन दिवस एकेक वाक्य चिमटत बसले. चारशे शब्द कमी झाले. ह्या वेगाने गेले तर माझंच तेरावं होईल आधी.

आज टेबलावर काम करताना सुचलं. सदरा मोठा झाला म्हणून चोहीकडून थोडं थोडं कातरलं तर सदरा वाया जातो. खिसा काढायचा, दुहेरी खांदा काढायचा, अख्खा भाग काढायचा. तसं माणूसच काढायचं. नऊ माणसं एक मुकी झालेली घंटा घेऊन डोंगरापलीकडच्या शहरात निघालीत, अशी माझी गोष्ट. नऊ कशाला लागतात? पाच पुरतील.

पहिला नंबर नावाड्याचा. नदी एकदा ओलांडली की त्याला काम काय? उगाच पुढे दोनशे पानं बरोबर चालतो.

सासूबाईंनी सगळी कादंबरी माझ्या तोंडून ऐकलीये. कालचं जेवण त्यांना आठवत नाही, पण नावाड्याचं वल्हं कुठल्या लाकडाचं ते आठवतं. त्यांना म्हटलं, नावाड्याला काढतेय. त्या म्हणाल्या, "काढतेस तर एकदा वाच आणि मग काढ. घरातून माणूस जाताना आपण दारापर्यंत जातोच ना."

म्हातारीचं म्हणणं मला पटलं. त्याची सगळी पानं वाचून दाखवली आणि मग पुसून टाकली. कुठे जपून ठेवली नाहीत. कात्रणं जपली की माणूस तीच पुन्हा जोडायला बघतो.


बुधवार, १२ मार्च

दुपारची बाई आज कुरकुरत होती. मी कारखान्यात असते तेव्हा ती सासूबाईंजवळ बसते. म्हणाली, "ताई, तुमच्या न्हाणीतून पाणी येतंय बाहेर. रोज पुसतेय मी. आजींच्या खोलीपर्यंत ओलं असतं, आणि वास पण येतो, शेवाळाचा."

नळवाल्याला बोलावलं. त्याने इकडे तिकडे ठोकलं, सगळं कोरडं ठणठणीत म्हणाला आणि येण्याचे पैसे घेऊन गेला. काम शून्य, पण ऐट अशी की धरणच बांधून दिलंय.

सासूबाई हल्ली चहाचे दोन कप मागतात. एक पितात, एक खिडकीशी ठेवतात. विचारलं तर म्हणतात, "असू दे. दमून आलाय तो." मला वाटलं ह्यांच्याबद्दलच बोलताहेत, म्हणून पुढे विचारलं नाही.


सोमवार, १७ मार्च

दोरखंड वळणाऱ्या जुळ्या बहिणी गेल्या. वाचताना मजा आली खरं तर. दोघी मिळून एकच वाक्य बोलतात, अर्धं एक, अर्धं दुसरी. संपादकबाई म्हणाल्या होत्या, ह्यांचं फार चऱ्हाट झालंय. झालंय खरं. पंचवीस हजार शब्दांचं.

आता दोन लाखांच्या आसपास आलंय. मध्ये नवांतली मीठवाली पण गेली, आणि डोंगराची चाळीस पानं. डोंगर काढताना सर्वांत जास्त दुखलं, आणि काढल्यावर सर्वांत कमी कळलं. बाईंचं ऐकायला हवं होतं हे मान्य करायला जड जातंय.


गुरुवार, २० मार्च

मागच्या गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी कधीची कुजली होती. आज बघते तर नवी. विकतची नाही, हाताने वळलेली, तीन पदरी, आणि अशी घट्ट की पलंगाची चादर ओली टाकली तरी झोळ पडला नाही.

दुपारच्या बाईला म्हटलं, बरं केलंस. ती म्हणाली, मी कुठे, मला वाटलं तुम्हीच. मी म्हटलं, मला कुठे वेळ. मग ती म्हणाली, भाजी जळतेय, आणि आत गेली.

तिनेच केलं असणार. पगार वाढवून मागायच्या आधी काही जण असं करतात.

एक चांगलं आहे. सासूबाई सुधारल्यात. पोटभर जेवतात, गुणगुणतात. डॉक्टर म्हणाले, घरात माणसांचा वावर वाढलाय का? बरं असतं अशांना. मी म्हटलं, कसला वावर, आम्ही दोघीच. पण खोलीबाहेरून ऐकलं की वाटतं, चारचौघांत बसून बोलताहेत. मला थोडा हेवाच वाटला. सहा वर्षं मी वाचत होते तेव्हा असं हसल्या नव्हत्या.


रविवार, २३ मार्च

लेक आली होती. नोकरीच्या गावी राहते, महिन्यातून दोनदा येते. आल्या आल्या लॅपटॉपमध्ये काय काय दुरुस्त केलं आणि मला दहा गोष्टी ऐकवल्या. आईची आई झालीये.

जेवायला बसलो. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ह्या मंडळींना पण वाढ." लेक हसून म्हणाली, "कुणाला आजी?" आणि भिंतीकडच्या खुर्चीत बसली. बसली तशी उठली. चेहरा उतरला होता.

"काय झालं?"

"काही नाही."

"अगं काय?"

"आई, खुर्ची गरम होती. आणि... कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटलं."

मी म्हटलं, प्रवासाने होतं असं. ती उभ्यानेच जेवली. राहणार होती, पण संध्याकाळच्या गाडीने परत गेली. जाताना म्हणाली, "आजीला घेऊन थोडे दिवस माझ्याकडे ये ना." मी म्हटलं, आधी कादंबरी उरकू दे. ती म्हणाली, "तुझी ती कादंबरी म्हणजे मारुतीचं शेपूट आहे." आता कापतेच आहे की, म्हटलं.


गुरुवार, २७ मार्च

आज जे झालं ते लिहावं की नाही कळत नाही. लिहिते.

सासूबाईंचे केस विंचरत होते. खिडकीशी त्यांनी ठेवलेला कप होता. सहज विचारलं, "आई, तो चहा कुणासाठी?"

"नावाड्यासाठी."

"मग पीत का नाही तो?"

"कशाने पिणार? तू त्याला तोंडच दिलं नाहीस. हात दिलेस, पाठ दिलीस. तोंड लिहायचं राहिलं तुझं. बिचारा भिंतीकडे वळून बसतो, मला भीती वाटू नये म्हणून."

माझ्या हातातला कंगवा तसाच राहिला. कारण खरं आहे ते. नावाडी येतो त्या पानापासून वल्हं मारतो, त्याचे हात आहेत, घामेजलेली पाठ आहे. मागे बसलेल्यांना, आणि नंतर मागून चालणाऱ्यांना, तो जसा दिसतो तसाच मी लिहिला. तोंड कुठेच नाही.

त्या ऐकतात, त्यांच्या डोक्यात ते राहतं, मग त्यांना ते दिसतं. एवढंच आहे हे. मी स्वतःला तीन वेळा समजावलं. पण भिंतीकडे बघितलं नाही.


बुधवार, २ एप्रिल

संपादकबाईंना एक लाख चाळीस हजार पाठवलं होतं. खूश आहेत. "आता कसं सुटसुटीत झालं. अजून एक करा. तो मुका सेनापती काढा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तो काय करतो सांगा बरं? अख्खी गोष्टभर सगळ्यांच्या मागून चालतो. बोलत नाही, लढत नाही. तो काढला की तुम्ही बरोबर मापात बसता."

"तो मागून येतो म्हणून बाकीच्यांना वळून बघावं लागत नाही," मी म्हटलं.

"छान आहे हे. पण ते कादंबरीत नाही, तुमच्या मनात आहे."

सेनापती म्हणजे आमचे हे. संपादकबाईंना सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. कपाळ ह्यांचं, रुंद खांदे ह्यांचे, डाव्या पायाने किंचित लंगडणं ह्यांचं. बोलायची वेळ आली आणि माझ्या लक्षात आलं की मला ह्यांचा आवाज आठवत नाही. शब्द आठवतात, आवाज नाही. किती दिवस कान देऊन बसले. शेवटी डोंगराच्या वेशीवर जकात म्हणून त्याने आपला आवाज दिला, असं लिहून टाकलं. सगळ्यांना वाटतं ती माझी कल्पना. कल्पना कसली, ती माझी लाज होती. एकवीस वर्षं संसार केला त्या माणसाचा आवाज मी हरवला.


सोमवार, ७ एप्रिल

सासूबाईंनीच विषय काढला. जेवण झालं होतं, मी औषध देत होते.

"त्याला कधी काढणार?"

"कुणाला?"

"अगं, माझ्या मुलाला. सगळे आले घरी. नावाडी आला, त्या दोघी आल्या, मीठवाली आली. लोकांची माणसं येऊन बसलीत आणि माझंच रानावनात हिंडतंय. तू धरून ठेवलंयस त्याला."

सहा वर्षं त्यांनी सेनापतीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मला वाटायचं, त्यांना कळलं नाही.

"आई, तो बोलत नाही हो," मी म्हटलं. "आला तरी मुका येईल."

"मग बोलायला लाव आणि मग काढ. तुझ्याच हातात आहे ना?"

मी ह्या सगळ्यावर विश्वास ठेवते असं नाही. पण ह्या बाईने किती वर्षं दाराकडे डोळे लावलेत आणि मी तितकीच वर्षं खोटं बोलतेय. आणि माझंही मन आहेच की. एकदा ऐकायचाय मला तो आवाज. लिहायला काय जातंय.


गुरुवार, १० एप्रिल

काढून टाकायच्या माणसासाठी नवं प्रकरण लिहितेय. कापून फेकायच्या बाहीवर भरतकाम करावं तसा प्रकार. संपादकबाईंना कळलं तर मला वेड्यात काढतील.

प्रकरण असं: शहर दिसायला लागतं, आणि सेनापतीला त्याचा आवाज परत मिळतो. तो वेशीच्या पायरीवर बसतो आणि घराबद्दल बोलतो. काय बोलतो ते मी सासूबाईंना विचारतेय. त्या सांगतात, मी लिहिते. आवाज मला आठवत नाही, पण त्यांना आठवत असेल. आई आहे.

केवढं सांगितलं त्यांनी. दुधावरची साय त्याला चालायची नाही, ओकारी यायची. ढग गडगडले की आईचं बोट धरून झोपायचा. रंगीत बटणं गोळा करायचा डबीत. पडला तरी पडलो नाही म्हणायचा, गुडघा फुटलेला असायचा तरी. बाहेरून आला की न विचारता सांगायचा, आई, हात धुतले मी. सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळला की मी दोनदा थांबून नुसतं बघितलं.

"आणि मोठेपणीचं काही?" मी विचारलं.

"मोठा कुठे झालाय अजून," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं. आयांचं असंच असतं.

माझ्याकडचं मी काही घातलं नाही. संपादकबाई म्हणतातच, लेखकाने मध्ये मध्ये लुडबुड करू नये. आमच्या संसारातलं एक अक्षर नाही त्यात. म्हटलं, आईचा मुलगा आईला परत जाऊ दे, माझं माझ्यापाशी राहील.


रविवार, १३ एप्रिल

दुपारी वाचलं. सासूबाईंनी सकाळीच केस धुवून घेतले होते, धुतलेली साडी नेसून पलंगावर ताठ बसल्या होत्या. ऊन पार पायांपर्यंत आलं होतं. सेनापतीची सगळी पानं पहिल्यापासून वाचली, पायरीवरचं प्रकरण शेवटी. घसा बसला. त्या एकदाही मध्ये बोलल्या नाहीत.

मग पुसलं.

काहीही झालं नाही. पंखा फिरत होता, खालून भंगारवाल्याची हाळी आली. मी वाट बघितली, मग भांडी घासायला उठले आणि तिथेच ढसाढसा रडले. कसली मूर्ख बाई मी. एका म्हातारीच्या नादी लागून नवऱ्याला दुसऱ्यांदा घालवलं. निदान कादंबरीत तरी चालत होते.

सव्वा लाखाला वर, शिवणीला सोडतात तशी थोडी माया सोडून, एक लाख सव्वीस हजार भरली. पाठवून दिली.


मंगळवार, १५ एप्रिल

सावकाश, क्रमाने लिहिते.

कारखान्यातून आले तर दुपारची बाई दाराबाहेर उभी, पिशवी खांद्याला. म्हणाली, "तुमच्याकडे पाहुणे आलेत. मी निघते." माझ्याकडे बघत नव्हती. जिना उतरताना म्हणाली, "उद्यापासून मला जमणार नाही, ताई."

आतून बोलण्याचा आवाज येत होता. पुरुषाचा. मी एक चप्पल काढली होती, दुसरी पायातच राहिली. ओळखायला क्षण लागला नाही. भरदार, थोडा खरखरीत, शब्दाच्या शेवटी किंचित खाली जाणारा. इतकी वर्षं जीव तोडून आठवत होते तो आवाज, आणि तो पलीकडच्या खोलीत म्हणत होता, "आई, साय काढून टाकली तर चालेल?"

तशीच आत गेले. हे पलंगाच्या कडेला बसले होते. खांदे तेच, कपाळ तेच, कानशिलावर पिकलेले केस. मी सगळं लिहिलं होतं, काही राहिलं नव्हतं. हातात दुधाचा पेला. पाय जमिनीला टेकत होते तरी हलवत होते, टेकत नसल्यासारखे. सासूबाई पाठीवरून हात फिरवत होत्या. इतकं सुख मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी बघितलं नव्हतं.

"अहो," मी म्हटलं.

ह्यांनी वर बघितलं. दूध सांडलं. चटकन सरकून आईला चिकटले, तिचं बोट मुठीत धरलं आणि त्या भरदार आवाजात हळूच विचारलं, "आई, ही कोण?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आठवायचा प्रयत्न करत होत्या, ते दिसत होतं.

"घाबरू नको हं," त्या म्हणाल्या. "ही आपल्याकडे गोष्ट वाचायला येते."


बुधवार, १६ एप्रिल

कारखान्यातून रजा घेतली. संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, अगदी मापात बसलंय, कुठे एक टाका उसवलेला नाही, अभिनंदन. "लगेच दुसरं सुरू करा. किती मोठं होईल अंदाजे?"

"ह्या वेळी माप घेतलेलंच नाही," मी म्हटलं. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला.

सकाळपासून लिहायला बसलेय. ह्यांनी माझ्याकडे पँट आखूड करायला टाकली होती तिथपासून सुरुवात केली. एका पँटच्या मापासाठी हा माणूस तीनदा आला होता. तिसऱ्यांदा मीच विचारलं, पाय रोज वाढतात का तुमचे? तेव्हा जे हसले होते ते लिहायला दोन तास लागले. रुसवे घ्यायचेत, भांडणं घ्यायचीत, दुखणं घ्यायचंय, आणि माझं जे जे बोलून झालं नाही तेही. सगळं लिहायचं, सासूबाईंसमोर बसून मोठ्याने वाचायचं आणि पुसून टाकायचं. पाल्हाळ झालं तर होऊ दे. जेवढं गाळेन तेवढं ह्यांना ठाऊक नसणार.

हे पलीकडे बटणं खेळताहेत. माझ्याच डब्यातली घेतलीत. मी पाणी प्यायला उठले की दाराआड होतात.

रविवारी लेक येणार आहे, बाबांची लाडकी. तोपर्यंत निदान तिच्या जन्मापर्यंत तरी पोचायला हवं.